गळ्याशी आलेलं मूळ

हौशी : दर जूनमध्ये तुम्ही हेच म्हणता, काका. रोपं लावू नका. अहो, मृगाचे दोन चांगले पाऊस झालेत, जमीन वरून ओली आणि आतून अजून उबदार आहे. मुळं धरायला याहून चांगले दिवस वर्षात नाहीत. आणि गरज आपल्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याइतकी कुणाला असेल? भोसरीपासून चाकणपर्यंत पत्र्याच्या शेड, डांबर आणि कंटेनर. मे महिन्यात दुपारी तळेगाव-चाकण रस्त्यावर दुचाकी थांबवायला सावली शोधावी लागते, आणि सापडते ती उभ्या ट्रेलरची. अशा ठिकाणी कुणी एखादा करंज लावत असेल तर त्याला अडवायचं कशाला? मेलं तर मेलं. दहांतली चार जगली तरी चार झाडं आलीच ना?

शंकेखोर : त्या ‘मेलं तर मेलं’पाशीच माझं अडतं, ताई. राज्याने २०१६ च्या १ जुलैला दोन कोटी रोपांचा संकल्प केला, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा, आणि २०१९ ला तेहतीस कोटी. लक्ष्य लावण्याचं होतं. पाणी किती हातांनी आणि किती महिने घालायचं, हा आकडा बॅनरवर आलेला मी पाहिला नाही. माझी सदतीस वर्षं टूलरूममध्ये गेली. ५ जूनला आमच्याकडे साहेब यायचे. खड्डे आदल्या दिवशी कंत्राटी माणसांनी खणलेले, रोपाला रिबन, सगळ्यांना टोप्या. फोटो झाला की चहा. ५ जूनला आपल्याकडे बहुधा पाऊसही नसतो. पर्यावरण दिनाला मृगाशी देणंघेणं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्या रांगेतून गेलं की जाळीच्या आत एक काटकी दिसायची, तिला अजून सुतळी बांधलेली. मग पुन्हा ५ जून, आणि त्याच खड्ड्यात नवं रोप. एका खड्ड्यात चार वर्षांत चार रोपं गेलेली मी मोजली आहेत. कागदावर ती चार झाडं असणार.

हौशी : म्हणजे तुमचं भांडण कागदाशी आहे, रोपाशी नाही. याच शहरातलं उलटं उदाहरण घ्या. साठच्या दशकात टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, कारखाना इथे आला तेव्हा ती जागा खडकाळ माळ होती. कंपनीच्या सुमंत मूळगावकरांनी तिथे झाडं लावून घेतली, तळं करून घेतलं. आज तिथे पक्षी येतात. ट्रक बनवायला आलेला माणूस आधी झाडांचा विचार करतो हे त्या वेळच्या लोकांनाही विचित्रच वाटलं असेल. तुमच्यासारखा कुणी तेव्हा शेजारी उभा असता तर म्हणाला असता, मुरमात कसली झाडं लावताय!

शंकेखोर : म्हणालो असतो, आणि चुकलो असतो. पण ते उदाहरण तुमच्यापेक्षा माझ्या कामाचं आहे. तिथे कुंपण होतं. गुरं, शेळ्या आत येत नव्हत्या. पाण्याची सोय होती आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस रोज त्याच वाटेने जात होता. साहेब विचारतील, या धाकानेही झाडं जगतात. झाड श्रद्धेने जगतं असं मी मानत नाही. ते विचारणाऱ्यामुळे जगतं. आपल्या सेवारस्त्यावर दुभाजकात लावलेल्या रोपाला कोण विचारतं? टँकर येतो, त्याची फेरी लागते, कधी चुकते. ठेका बदलला की नवा ठेकेदार जुन्याची रोपं आपली मानत नाही.

हौशी : बरं, रस्ता सोडा. घराचं बोलू. माझ्या बाल्कनीत जास्वंद आहे, मोगरा आहे, कढीपत्ता आहे. तिथे मी विचारणारी आहे. सकाळ-संध्याकाळ विचारते.

शंकेखोर : म्हणूनच ती मरतात! रागावू नका. रस्त्यावरचं रोप दुर्लक्षाने जातं आणि घरातलं लक्षाने. नर्सरीतून रोप आणलं की त्याच संध्याकाळी आपण त्याला मोठ्या कुंडीत हलवतो, वर मूठभर खत, वर तांब्याभर पाणी. दुसऱ्या दिवशी पान मान टाकतं. आपल्याला वाटतं तहान लागली. पुन्हा पाणी. मुळं श्वास कोंडून कुजायला लागतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पान आणखी मान टाकतं. आपण आणखी पाणी घालतो. बुडणारा आणि तहानलेला वरून सारखेच दिसतात, ही रोपांच्या बाबतीतली सगळ्यात मोठी फसवणूक आहे. बोट दोन पेरं मातीत घालून पाहिलं तर अर्धा मिनिट लागतं. तेवढं कुणी करत नाही.

हौशी : तेवढं मी आता करते. आणि एक सांगू? या शहरानेच मला ते शिकवलं. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी आहे. माणसांची त्याने पंचाईत होते. पण माझी रोपं त्यानंतर सुधारली! पाणी नसलेल्या दिवशी मी त्यांना घालायची नाही, आलेल्या दिवशी भरपूर, कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच्या दोन बोटांतच घोटाळतात आणि एप्रिलमध्ये तीच पहिली भाजतात. खोल आणि क्वचित पाणी मिळालं की मूळ खाली शोधत जातं. हे पुस्तकात वाचलं होतं, पटलं टाकी रिकामी झाल्यावर.

शंकेखोर : हे मात्र छान. मग आता मुळाशीच येतो. रोप विकत घेताना तुम्ही काय पाहता?

हौशी : पानं. कळ्या आहेत का. कीड आहे का, पानाच्या मागे पिठ्या ढेकूण नाही ना.

शंकेखोर : सगळं जमिनीच्या वरचं. आता पिशवीत काय असतं ते सांगतो. आपल्याकडच्या नर्सरीतलं बरंचसं रोप उरुळी कांचनच्या बाजूचं असतं किंवा आंध्रातल्या कडियमहून ट्रकने आलेलं. लाल चिकट मातीचा गोळा, उन्हाने विटेसारखा झालेला. रोप जितके महिने त्या पिशवीत काढतं तितके महिने मूळ भिंतीला धडकून वळतं, गोल फिरतं, पुन्हा फिरतं. लावताना आपण पिशवी ब्लेडने कापतो आणि गोळा ‘हलू न देता’ अलगद खड्ड्यात ठेवतो. माळीही तेच सांगतो, गोळा फुटला तर रोप जाईल. त्या अलगदपणाचं बिल दहा वर्षांनी येतं. गोल फिरलेलं मूळ सरळ होत नाही, ते जागच्या जागी जाड होतं. बुंधाही जाड होतो. दोघं एकमेकांना भिडले की मूळ बुंध्याला फास लावतं. वाऱ्यात असं झाड उन्मळलं की लोक म्हणतात, वादळच मोठं होतं. आळंदीची कथा तुम्हाला ठाऊक असेलच.

हौशी : एकनाथांची? अजानवृक्षाची मुळी?

शंकेखोर : तीच. ज्ञानेश्वर नाथांच्या स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला गेले आणि त्यांनी ती काढली. भाविक त्यात समाधीचा शोध पाहतात, ते बरोबरच. मी यंत्रावर काम केलेला माणूस, मला त्यात देखभाल दिसते. मुळी गळ्याशी आली आहे हे बाहेरच्या कुणाला दिसत नव्हतं. कुणीतरी खाली उतरून पाहावं लागलं. प्रत्येक झाडाला गळा असतो, ताई. बुंधा जिथे मुळांकडे पसरायला लागतो ती जागा. नर्सरीत लहान पिशवीतून मोठ्या पिशवीत जाताना दर वेळी वर थोडी माती चढते आणि गळा बुजतो. आपण लावताना आणखी चार बोटं खोल लावतो, पडू नये म्हणून. म्हणून आधी वरची माती खरवडायची, पहिलं जाड मूळ लागेपर्यंत. ते जमिनीच्या पातळीला आलं पाहिजे. मग बादलीत गोळा बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बाजूची माती बोटांनी सुटी करायची आणि तळाची गुंडाळी, एक इंचभर, सरळ चाकूने कापून टाकायची.

हौशी : कापायची? नुकत्याच आणलेल्या रोपाची मुळं?

शंकेखोर : आठवडाभर रुसेल. सावलीत ठेवा, रोज फवारा नको. कापलेल्या टोकाजवळून नवी मुळं फुटतात आणि ती बाहेरच्या दिशेने जातात. मोठ्या झाडाबाबत मी हे सांगणार नाही. पिशवीतल्या करंज, बहावा, ताम्हण यांच्याबाबत मी स्वतः केलंय.

हौशी : स्वतः केलंय? म्हणजे लावता तर! बरं, ते नंतर. आधी खड्ड्याचं सांगा. आमच्या सोसायटीत दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल असा खड्डा खणून त्यात गाळाची माती, शेणखत, निंबोळी पेंड भरली. शासकीय पद्धतही थोड्याफार फरकाने हीच आहे.

शंकेखोर : पद्धत जुनी आहे आणि शेतात चालतेही. पण आपल्या मुरमात काय होतं पाहा. चारी बाजूंना पहारीने ठोकलेला कठीण मुरूम आणि मधे लुसलुशीत माती. ती जमिनीतली कुंडीच झाली. मुळाला आत इतकं गोड मिळतं की ते बाहेर जातच नाही, पुन्हा गोल फिरतं. आणि जुलै-ऑगस्टमध्ये भोवतालचं पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यात येऊन साचतं, बाहेर जायला वाट नाही. पावसाळ्यात रोप बुडून मेलं की लोकांना आश्चर्य वाटतं. मी म्हणतो, खड्डा खोल नको, रुंद हवा. उकरलेलीच माती परत भरा. खत वर घाला, पालापाचोळ्याचं आच्छादन करा, बुंध्यापासून वीतभर लांब. पाऊस त्याला हळूहळू खाली नेईल. आळं गोल करायचं ते पिशवीच्या मापाचं नको, पुढच्या वर्षीच्या मापाचं हवं.

हौशी : हे तुमचं मुरमापुरतं ठीक आहे. पण वाकड, रावेत, मोशीतल्या नव्या सोसायट्यांत मुरूम तरी कुठे आहे? खाली राडारोडा असतो. सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, प्लास्टर. आमची पहिली एक्झोराची रांग वर्षभरात पिवळी पडली, पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या. माळी म्हणाला खत कमी पडतंय. खत घातलं, आणखी पिवळी. शेवटी कृषी पदवी घेतलेल्या एका शेजाऱ्याने सांगितलं, चुनखडीने मातीतलं लोह झाडाला घेता येत नाही. तिथे ‘उकरलेलीच माती परत भरा’ म्हणजे विष परत भरा. आणि आमच्या बागेचा अर्धा भाग तर पार्किंगच्या छतावर आहे. त्याला पोडियम गार्डन म्हणतात. दीड-दोन फूट माती, खाली जलरोधक थर, त्याखाली कुणाची तरी गाडी. तिथे रुंद खड्डा खणला तर पहार थेट स्लॅबला लागेल.

शंकेखोर : तुमचं बरोबर आहे. राडारोड्यात मी हरलो. तिथे माती बदलायलाच हवी, खड्ड्यापुरती नाही, सगळ्या वाफ्याची. आणि छतावर झाड लावूच नये. कितीही सुंदर दिसलं तरी स्लॅबवरची गुलमोहराची रांग म्हणजे खाली उभ्या असलेल्या गाड्यांना दिलेली तारीख. तिथे झुडपं, वेली, गवती चहा, तुळस. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने घराच्या गच्चीवर पालापाचोळ्यातून माती तयार करून भाज्या काढून दाखवल्या. छताला ते शोभतं.

हौशी : देशी-परदेशीचं काय? कोनोकार्पस तर आता शिवीसारखा वापरतात.

शंकेखोर : त्यावर फार बोलायचं नाही. गुजरातने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली, मुळांचा आणि परागांचा त्रास म्हणून. पण तो इथे का आला? तर तो मरत नाही म्हणून. ठेकेदाराला न मरणारं रोप हवं असतं. न विचारताही जगणारं झाड आपण निवडलं, कारण विचारायला कुणी नव्हतं. दोष झाडाचा कमी आहे.

हौशी : आणि औषधांचं? आपलं शहर तर रोपांच्या औषधांचंही शहर आहे. १९५४ ची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लोकांना पेनिसिलिनसाठी आठवते, पण माझ्या माहेरी, डाळिंबाच्या गावात, तिची ओळख होती स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी. डाळिंबावर तेल्या रोग दिसला की ती पुडी यायची. ऑरिओफंगिन हे बुरशीवरचं औषधही पिंपरीतच शोधलं गेलं.

शंकेखोर : अभिमान मलाही आहे, माझे दोन मित्र त्याच कंपनीतून निवृत्त झाले. पण कुंडीतल्या जास्वंदीच्या पानावर ठिपका दिसला म्हणून प्रतिजैविक फवारणं म्हणजे शिंक आली म्हणून दवाखान्यात भरती होणं. नव्या रोपाची दहांतली आठ दुखणी पाण्याची आणि गळ्याची असतात. त्यावर पुडी नाही.

हौशी : तुम्हाला इतकं सगळं येतं, काका. मग ‘लावू नका’ असं का म्हणता? ज्याला येत नाही त्याने म्हणावं.

शंकेखोर : १९९१ मध्ये फाटकाशी एक करंज लावला होता. मुलगी तेव्हा बालवाडीत. तीन उन्हाळे बादलीने पाणी घातलं. काठी बांधली ती सुतळी आठच्या आकड्यात, साल घासू नये म्हणून, आणि वर्षाने काढून टाकली, कारण वाऱ्यात डोलल्याशिवाय बुंधा जाड होत नाही. चौथ्या उन्हाळ्यात त्याला माझी गरज उरली नाही. खरं सांगतो, त्या वर्षी मला थोडं वाईट वाटलं. २०२२ ला रस्ता रुंद झाला. नोटीस लागली, हरकतीची मुदत होती, मी हरकत घेतली, ती ऐकली गेली, आणि झाड पडलं. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली आहे: पाडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी रोपं लावायची. माझ्या झाडाची किंमत एकतीस रोपं ठरली. कायदा करणाऱ्याचा हेतू चांगला आहे, आधी तर एवढंही नव्हतं. पण एकेका वर्षाची एकतीस मुलं मिळून एक एकतीस वर्षांचा माणूस होतो का? आणि ती एकतीस कुठे लावली असतील, तिथे तीन उन्हाळे कोण बादली घेऊन जात असेल? त्यानंतर मी काही लावलं नाही. जे आपोआप उगवतं ते जपतो. पंपघराच्या भिंतीशी एक नांदुर्की आलीय, पाखराच्या विष्ठेतून. देहूला तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या जागी आहे त्याच जातीची. तिला कुणी लावलं नाही, म्हणून तिच्या मुळाला कधी पिशवी लागली नाही.

हौशी : आणि भिंतीला तडा गेला की सोसायटी तिला काढेल. मग तुम्ही हरकत घ्याल. काका, आपोआप उगवण्याची वाट पाहायला जागा उरली पाहिजे ना? आमच्या इमारतीत आपोआप काही उगवत नाही, सगळीकडे फरशी आहे. तुमचा राग मला कळतो, पण त्यातून तुम्ही नियम काढता तो पटत नाही. मूळगावकरांच्या जागी विचारणारा माणूस होता म्हणालात. पण तुमच्या करंजाच्या जागीही होता. तुम्ही होतात! तरी झाड गेलं. म्हणजे विचारणारा असूनही पुरत नाही, जागा कुणाची हेही पाहावं लागतं. आणि माझं कोडं तिथेच आहे. मी भाड्याने राहते. अकरा महिन्यांचा करार. यांची कंपनी भोसरीतून चाकणला गेली तेव्हा आम्ही घर बदललं, पुन्हा बदलू. या पट्ट्यात निम्मं शहर असंच आहे. लातूरहून, बुलढाण्याहून, जळगावहून आलेली माणसं, कंत्राटावरची. माळीसुद्धा कंत्राटावरचा. तुमचं गणित तीन उन्हाळ्यांचं. अकरा महिन्यांच्या करारात तीन उन्हाळे बसत नाहीत.

शंकेखोर : मग कुंड्या. टेम्पोत चढतात.

हौशी : कुंडीत झाड होत नाही, हे आत्ता तुम्हीच शिकवलंत. मूळ गोल फिरतं. म्हणजे ज्याला स्वतःची जमीन नाही त्याने झाड लावायचंच नाही? फक्त मोगरा? तुमच्या ‘आधी जबाबदारी घ्या’ या अटीत मला घरमालकाचा सूर ऐकू येतो. निगडी प्राधिकरणात बंगल्याचा प्लॉट असलेला माणूस सहज जबाबदार होऊ शकतो.

शंकेखोर : हा घाव बसला. माझा प्लॉट प्राधिकरणातलाच आहे... पण उलट बाजूही बघा. तुम्ही लावून गेलात आणि मागे आलेल्या भाडेकरूला ते झाड नकोच असलं, तर? पानं पडतात, डास होतात, गाडीवर पाखरं घाण करतात, अशा तक्रारी मी सोसायटीच्या सभेत ऐकल्या आहेत. लावणारा पुण्य घेऊन जातो आणि झाडलोट मागच्याच्या गळ्यात पडते.

हौशी : मग हस्तांतर करायचं. पाणी-मीटरचं वाचन लिहून देतो तसं. कोणतं झाड, कधी लावलं, किती उन्हाळे झाले, किती राहिले.

शंकेखोर : घेईल कोण ते लिहून?

हौशी : ठाऊक नाही. पहिल्या भाडेकरूने दिलं तर दुसरा घेईल की नाही हे कळेल तरी. न लावता ते कळणारच नाही.

शंकेखोर : आणि नाही घेतलं तर एक रोप मरेल, हे कळायला.

हौशी : हो. एक मरेल.

शंकेखोर : मघाशी तुम्ही ‘मेलं तर मेलं’ म्हणालात. आत्ता तसं म्हणाला नाहीत.

हौशी : कारण आत्ता मी एका विशिष्ट रोपाबद्दल बोलतेय. गेल्या कार्तिकीला आळंदीहून अजानवृक्षाचं रोप आणलंय. बाल्कनीत आहे, पिशवीतच. कोंब चांगले फुटलेत, पानं तकतकीत. सोसायटीच्या मागच्या बाजूला, कंपाउंडच्या आत, मातीचा एक पट्टा आहे, स्लॅबचा नाही. समितीला विचारलं तर तीन महिने लागतील, न विचारता लावलं तर कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही.

शंकेखोर : सात-आठ महिने पिशवीत? खरवडून पाहिलंत? गळा कुठे आहे, मूळ किती फिरलंय?

हौशी : नाही.

शंकेखोर : अहो, मग पिशवी फाडून तरी बघा. पाच मिनिटांचं काम. मी येतो हवं तर, माझा चाकू चांगला आहे.

हौशी : फाडली की लावावंच लागेल, काका. म्हणून फाडलेली नाही.